वर्गात आलेली लिफ्ट

मित्रांनो, लिफ्ट म्हटले की तुम्हाला बटण आठवते. बटण दाबले की दिवा लागतो, तुम्ही आत येता आणि आपला मजला आला की बाहेर पडता. मागे वळून लिफ्टकडे कुणी पाहत नाही. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. लिफ्ट नीट चालत असली की तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि तसेच असावे.

मी एक जुनी लिफ्ट आहे, जाळीच्या सरकत्या दारांची. आता मी कुणाला घरी पोचवत नाही. भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तांत्रिक शिक्षणाचे एक केंद्र आहे. त्याच्या उंच पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी आहे. इथे मी फक्त दोन मजले वर-खाली करते, तेही कुणी शिकत असेल तेव्हा. पण माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे कोणती असे विचाराल, तर मी हीच सांगेन.

तीस वर्षांपूर्वी भाईंदरच्या एका नव्या चार मजली इमारतीत मला बसवले. माझे दोर एकीकडून आले, मोटर दुसरीकडून, आणि केबिन टेम्पोवर आडवी होऊन आली. चार कारागिरांनी महिनाभर खपून मला जोडले. माझी रचना तशी साधी. गच्चीवरच्या खोलीत मोटर, मोटरला ब्रेक, मोटरवरून खाली सोडलेले पोलादी दोर. दोरांच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांचे जड वजन. मी वर गेले की ते खाली येते आणि मी खाली आले की ते वर जाते.

त्या इमारतीत बहुतेक कुटुंबे गिरगाव-परळकडच्या छोट्या खोल्या सोडून आलेली होती. घरात लिफ्ट असणे ही त्यांना मोठी अपूर्वाई वाटे. पहिल्या दिवशी माझ्या दाराला झेंडूचे तोरण लागले. मुलांनी इतक्या फेऱ्या मारल्या की दुपारी वॉचमनने मला बंदच करून टाकले. पुढे मी काय काय वाहिले! तांदळाची पोती, कपाटे, गणपतीच्या मूर्ती, दवाखान्यातून घरी आलेली दोन दिवसांची बाळे. तिसऱ्या मजल्यावरच्या अनसूयाबाई तर आत शिरताना माझ्याशी बोलत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. "चल गं," म्हणायच्या, आणि मी निघायची.

वर्षे गेली. माझा रंग उडाला, दारे कुरकुरू लागली. सुरुवातीला दर महिन्याला मेकॅनिक येऊन तेलपाणी करत असे. मग ते बंद पडले. बिघाड झाला की जो मिळेल त्याला बोलवायचे, असे सुरू झाले.

माझ्या दाराजवळ एक छोटा खटका असतो. दार पूर्ण लागल्याशिवाय तो जुळत नाही, आणि तो जुळल्याशिवाय मी हलत नाही. हा खटका झिजला होता. त्यामुळे मी वरचेवर मधेच थांबायची आणि लोक वैतागायचे. एके सकाळी एका माणसाला बोलावून आणले. तो दिवसभर दारोदार पंखे, मिक्सर, गिझर अशी कामे करायचा. लिफ्टचे काम त्याला कुणी शिकवलेले नव्हते.

"आज चालू झालीच पाहिजे," कमिटीतल्या एकाने त्याला बजावले.

त्याने खटका काढला नाही, बदललाही नाही. खटक्याच्या दोन्ही टोकांना एक लालसर वायर जोडून टाकली. मी लगेच चालू झाले. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मी मात्र त्या दिवसापासून आंधळी झाले होते. दार उघडे आहे की बंद, हे मला आता कळत नव्हते.

आठव्या दिवशी अनसूयाबाई भाजीला निघाल्या. त्यांनी माझे दार सरकवले, नेहमीसारख्या "चल गं" म्हणाल्या आणि एक पाऊल आत टाकले. तेवढ्यात तळमजल्यावर कुणीतरी बटण दाबले. दार उघडे असतानाच मी खाली निघाले. मला थांबता आले नाही. बाई तोल जाऊन माझ्यात कोसळल्या आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. मित्रांनो, तो आवाज मी अजून विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मला तपासायला उदय वाघमारे आले. त्यांचे आईवडील परभणीकडून भाईंदरला येऊन स्थायिक झालेले. ते स्वतः आयटीआय करून पंधरा वर्षे लिफ्टच्या कामात होते. माझ्या दाराचे झाकण उघडताच त्यांना ती वायर दिसली.  ते तिच्याकडे पाहत उकिडवे बसून राहिले.

"लिफ्टच खराब झालीय ना?" सेक्रेटरींनी विचारले.

"लिफ्ट खराब नाही, साहेब. ज्याने हे केलं, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. लिफ्ट चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली, असं वाटलं त्याला." उदय उठून उभे राहिले. "आपल्याकडे रोज नवीन टॉवर उभे राहतायत. प्रत्येकात दोन-दोन, चार-चार लिफ्ट. त्या बघायला एकतर माणूस लांबून येतो, नाहीतर असा कुणीतरी येतो. आणि इथली पोरं कामासाठी रोज बाहेर जातायत. मधे शिकवणारं कुणीच नाही."

हे ते सेक्रेटरींना सांगत होते, की स्वतःला, ते मला कळले नाही. पण वर्षभरातच त्यांनी नोकरी सोडली आणि ते या केंद्रात शिकवू लागले.

सोसायटीने नवी लिफ्ट घ्यायचे ठरवले. माझे सुटे भाग काढून आवारात रचून ठेवले. भंगारवाल्याचा टेम्पो यायचा होता, त्याच सकाळी उदय सर आले आणि म्हणाले, "ही मला मुलांसाठी द्या. फळ्यावर चित्र काढून लिफ्ट शिकवता येत नाही."

कमिटीची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. जिने एकीचा पाय मोडला, ती लिफ्ट शाळेत कशाला, असे कुणीतरी कुजबुजले. तेव्हा वॉकर टेकत टेकत अनसूयाबाई पुढे आल्या.

"पाय माझा मोडलाय ना? मग मी सांगते," त्या म्हणाल्या. "भंगारात घालून माझा पाय काही बरा होणार नाही. पण पुन्हा कुणाचा मोडू नये असं वाटत असेल, तर ती यांना देऊन टाका."

कमिटीने मान डोलावली. मी टेम्पोत चढले आणि भंगाराच्या दुकानाऐवजी वर्गात आले.

इथे पहिल्या तुकडीच्या अकरा मुलांनी मला पुन्हा उभे केले. त्याला चार महिने लागले. तीन वेळा माझे रूळ वाकडे बसले आणि तिन्ही वेळा सरांनी ते मुलांकडूनच सोडवून घेतले. ते रागावत नसत. उभी रेघ दाखवणारा ओळंबा हातात देत आणि म्हणत, "हा काय सांगतोय ते बघा. माझं ऐकू नका, ह्याचं ऐका."

सरांची शिकवण्याची रीतच निराळी. सकाळी मुले यायच्या आधी ते माझ्यात मुद्दाम एखादा बिघाड करून ठेवत. कधी एखादा स्क्रू सैल, कधी ब्रेकची फट जास्त, कधी दाराच्या रुळात खडा. मुलांनी आधी डोळे मिटून मला चालवायचे आणि आवाजावरून बिघाड ओळखायचा. मग हत्याराला हात लावायचा. मला फार गंमत वाटे. आजवर माझा आवाज कुणी इतका मन लावून ऐकला नव्हता!

एकच गोष्ट त्यांना अजिबात खपत नसे. लिफ्ट मधेच अडकली की ब्रेक सोडून मोटरचे चाक हाताने फिरवावे लागते; ते काम एकट्याने करायचे नाही. एकाचा हात ब्रेकवर, दुसऱ्याचे दोन्ही हात चाकावर. "कितीही घाई असू दे," सर म्हणत, "दुसरा माणूस येईपर्यंत थांबायचं. थांबता येणं हेपण काम आहे."

तिसऱ्या तुकडीत संचिता आली. मुर्धा गावातली, वीस मुलांत एकटी मुलगी. तिचे आजोबा मिठागरात काम करत. वडील यतीन खाडीत मासेमारी करतात. मिठागरे बंद झाली, खाडीत मासळी कमी झाली, आणि गावाच्या कडेला टॉवर उभे राहू लागले. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना विचारले, "इथे का आलात?" कुणी म्हणाले नोकरीसाठी, कुणी म्हणाले मार्क कमी पडले म्हणून. संचिता म्हणाली, "सर, टॉवर आमच्या गावात झाले. त्यात काम करणारं मात्र आमच्या गावातलं कुणीच नाही. म्हणून आले."

तिचे कान तीक्ष्ण होते. होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकत ती वाढलेली. माझ्या मोटरमधली बारीकशी घरघर तिला पहिल्या फेरीत कळायची. वर्गातल्या साईराजशी तिची चुरस असे. तोही हुशार, पण उतावळा. ती सावकाश, पण एकदा केलेले काम पुन्हा करायची वेळ तिच्यावर येत नसे.

मग एके दिवशी तिचे वडील शेडच्या दारात येऊन उभे राहिले. आदल्या दिवशी गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितले होते, की तुमची मुलगी काळ्या ग्रीसने माखून लिफ्टच्या टपावर चढते, लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरते.

"सर, माजी पोर हाय ती," यतीनभाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण थरथरत होता. "खड्ड्यान उतरवाया न्हाय पाठवली मी तिला. हापिसातलं काय शिकवत असाल तं शिकवा. न्हाय तं नाव काढून टाका तिचं."

संचिता पाना हातात धरून उभी होती. तिचे डोळे भरून आले. मला वाटले, संपले हे सारे. सरांनीही वाद घातला नाही. ते म्हणाले, "यतीनभाऊ, नाव काढायचा फॉर्म देतो. त्याआधी ती काय शिकलीय ते एकदा बघाल का? पाच मिनिटं या लिफ्टमध्ये उभे राहा. मी मधेच बंद करणार आहे. ती तुम्हाला बाहेर काढेल. जमेल?"

"वादळान होडी काढलीय मी. ह्या डब्याला काय भ्यायचंय?"

ते माझ्यात शिरले. मी निघाले आणि दोन मजल्यांच्या बरोबर मधे सरांनी वीज तोडली. पंखा थांबला, दिवा गेला. जाळीपलीकडे नुसता पत्रा. मित्रांनो, उघड्या खाडीवर वावरलेल्या माणसाला बंद जागा फार जड जाते. मिनिटभरातच त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझे दार दोन्ही हातांनी घट्ट धरले. 

वरून, मोटरपाशी चढलेल्या संचिताचा आवाज आला. "बाबा, माझा आवाज येतोय ना?"

"येतंय."

"दार सोडा आधी. मागच्या भिंतीला टेकून उभे राहा. मी सांगेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. टेकलात?"

"टेकलो."

"आता लिफ्ट हलेल. ती पडत नाहीये. खाली नाही, वर जाईल. हळू जाईल."

"वर कशी गो जाईल?" घाबरलेले असूनही यतीनभाऊंना राहवले नाही. "मी आत हाय ना? जड असतं ते खाली जातं."

"मागे वजन लटकतंय, बाबा. ते तुमच्यापेक्षा जड आहे. चारजण आत असते तर गोष्ट वेगळी." मग तिचा आवाज बदलला, जरा मोठा आणि करडा झाला. "साईराज, ब्रेक!"

साईराजने ब्रेकचा दांडा दाबला. संचिताने दोन्ही हातांनी चाक धरले. मी बोटभर सरकले आणि थांबले. पुन्हा बोटभर. दोरावर पिवळ्या रंगाची खूण असते, ती जुळली म्हणजे मी मजल्याला लागले असे समजायचे. तिथे येईपर्यंत ती मधून मधून विचारत राहिली, "ठीक आहे ना, बाबा?" आणि ते दर वेळी "हाय, हाय" म्हणत राहिले. शेवटी वरचे दार उघडले आणि उजेड आत आला.

यतीनभाऊ बाहेर आले. त्यांनी मुलीचे हात हातात घेऊन पालथे-उताणे करून पाहिले. तळव्यांवर चाकाचे वळ उठलेले होते.

"चाक हिच्याच हातान होतं?" त्यांनी सरांना विचारले.

"पूर्ण वेळ. मी खाली उभा होतो. काही सांगितलंही नाही."

"तो फॉर्म र्‍हाऊ द्या," यतीनभाऊ हळूच म्हणाले. "नाव काढाया आलेलो मी. आता काढायचं तं तीच काढंल."

सर हसले. साईराजने टाळी वाजवली. संचिताने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले आणि गालावर ग्रीसचा पट्टा ओढून घेतला.

ती परीक्षेत पहिली आली नाही, हेही सांगायला हवे. पहिला साईराज आला. ती तिसरी. पण दोघांनाही इथल्याच एका देखभाल कंपनीत काम मिळाले. तुकडीतली बाकीची मुलेही पांगली, पण फार लांब नाही. कुणी दवाखान्यातल्या लिफ्ट पाहतो, कुणी मॉलमधल्या सरकत्या जिन्यांवर आहे. सुट्टीच्या दिवशी ती इथे येतात, माझ्या केबिनला टेकून चहा पितात आणि आपल्या कामाच्या गोष्टी सांगतात. पुढची हकीकत मी अशीच ऐकली.

संचिताचे पहिले काही महिने कठीण गेले. ती हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली, की लोक तिच्या मागे पाहत. "मेकॅनिक किधर है, बेटा?" असे विचारत. "मैं ही हूँ," ती म्हणायची आणि कामाला लागायची.

मग एका दुपारी घोडबंदरच्या बाजूच्या एका उंच इमारतीतून फोन आला. लिफ्ट नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मधे अडकली होती. आत इशिता नावाची बाई होती, सात महिन्यांची गरोदर. संचिता जवळच होती, ती सर्वांत आधी पोचली. तिचा कामातला जोडीदार हायवेवरच्या गर्दीत अडकला होता. नवव्या मजल्यावर माणसांचा घोळका जमला होता. दोघेजण लोखंडी सळई घालून दार फाकवायच्या बेतात होते.

"कुणी दाराला हात लावायचा नाही," संचिता म्हणाली. "तुम्ही त्यांना ओढायला जाल आणि लिफ्ट हलली, तर काय होईल?"

"मग तू काढ ना! आलीयेस कशाला?" इशिताचा नवरा ओरडला. बिचारा, तो तरी काय करणार?

तिने साईराजला फोन लावला. तो दुसऱ्या इमारतीत काम करत होता, दहा-बारा मिनिटांवर. लोक म्हणू लागले, वॉचमनला बरोबर घे, आमच्यातला कुणी घे, एकटी कर, पण आत्ता कर. घोळका तिच्या अंगावर आला होता. बावीस वर्षांची ती मुलगी. पण ब्रेकवर न शिकलेला हात ठेवायला ती तयार झाली नाही.

"दहा मिनिटांत माझा माणूस येतोय. तोपर्यंत मी इथेच आहे," एवढे बोलून ती बंद दाराशी जमिनीवर बसली आणि फटीला तोंड लावून आतल्या बाईशी बोलू लागली. आधी श्वास कसा घ्यायचा ते सांगितले. मग बाळाचे नाव काय ठेवणार ते विचारले. इशिता म्हणाली, अजून ठरले नाही, घरात रोज भांडणे चालली आहेत. संचिताने तिला आपल्या गावातली चार-पाच जुनी नावे सांगितली. त्यातल्या एका नावावर आतून चक्क हसू ऐकू आले. ते हसू ऐकले आणि बाहेरचा गोंधळ आपोआप निवळला. नवराही येऊन संचिताशेजारी खाली बसला.

साईराज पोचला तेव्हा धापा टाकत होता. दोघे गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेले. सहा मिनिटांनी दहाव्या मजल्याचे दार उघडले आणि इशिता आपल्या पायांनी चालत बाहेर आली.

हे सांगताना संचिता माझ्या उंबऱ्यावर बसली होती. नवी तुकडी तिच्याभोवती कोंडाळे करून ऐकत होती. एका मुलीने विचारले, "ताई, ती दहा मिनिटं भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," संचिता म्हणाली. "हात थरथरत होते. म्हणून तर मांडीखाली दाबून बसले होते."

सर मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मी यंत्र आहे. अभिमान म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मला वाहायला दिले असते, तर चार मजल्यांची सगळी माणसे मी एका खेपेत वर नेली असती.

मित्रांनो, आता तुम्हाला दोन गोष्टी मागते. तुमच्या इमारतीत कधी लिफ्ट बंद असेल आणि दाराशी 'काम चालू आहे' अशी पाटी दिसेल, तेव्हा कटकट करू नका. आत कुणीतरी खड्ड्यात उतरलेले असते, तुम्हाला सुखरूप घरी पोचवण्यासाठी. त्यांना घाई करायला लावू नका. जिन्याने जा आणि जाताना त्यांना पाणी हवे का, एवढे विचारा.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठीच आहे. यंत्राचा आवाज ऐकून आत काय चालले असेल असे तुम्हाला वाटत असेल, घरातला पंखा उघडून पाहिल्याबद्दल कधी बोलणी खाल्ली असतील, तर आपल्या त्या ओढीला कमी समजू नका. दहावी झाली की एकदा इकडे चक्कर मारा. आमच्या शेडचे शटर सकाळी साडेआठला उघडते. ते अर्ध्यावर येऊन अडकते. जरा जोर लावून वर ढकला आणि आत या.